धंद्यासाठी सप्रेम भेट

॥ श्री ॥
नांदुरा, १२ जून १९६४

मेहकर मुक्कामी श्री. भगवानराव यांस माणिकरावाचा हात जोडून नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहेत. (सर्व म्हणजे मी. मुलगी सासरी, दोन्ही मुलं खामगावला शिकायला, आणि तुमची बहीण तुमच्याकडे.) आपल्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? मी मागे सांगितलेलं तेल लावत असाल तर कृपा करून बंद करा. ते मी आमच्या गाडीच्या बैलाला लावून पाहिलं, तर त्याने खाली बसणंच सोडलं. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

अन्नपूर्णाबाई तिकडे येऊन आज बारा दिवस झाले. त्यांनी माझ्याबद्दल जे काही सांगितलं असेल ते खरंच असणार, कारण खोटं बोलण्याचं खातं आमच्या घरी माझ्याकडे आहे. तरी मोठे मेहुणे या नात्याने आपण माझीही बाजू ऐकावी, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याला माहीतच आहे की लग्नकार्याला भांडी आणि सतरंज्या भाड्याने देण्याचा आमचा धंदा घरातच चालतो. ओसरीवर कढया, मधल्या घरात ताटं, आणि जिथे जागा उरेल तिथे आम्ही. यंदा लग्नं दणकून झाली आणि त्याचा वास इन्कम टॅक्सवाल्या साहेबांना लागला. नोटीस आली. ती घेऊन मी शंकररावाकडे गेलो. (हा वकिलाकडे कारकून आहे, पण वकिलापेक्षा जास्त बोलतो.) तो म्हणाला, घाबरता काऊन? घरात धंदा आहे ना, मग धंद्यासाठी घरात जे जे बांधकाम, दुरुस्ती केली असेल त्याचा खर्च दाखवा, कर कमी होतो. फक्त कोणत्या साली केलं आणि कशासाठी केलं याचा लेखी पुरावा पाहिजे.

आता भगवानराव, आपणच सांगा, छपरावर टिनं टाकल्याची पावती कोणी वीस-वीस वर्षं जपून ठेवतं का? आमच्याकडे साल विचारलं तर उत्तर येतं, उकंडरावाच्या लग्नात आचारी पळाला होता त्या वर्षी. ही तारीख सरकारात चालत नाही, मी विचारून पाहिलं. तीन दिवस विचार केला. मग लक्षात आलं की आमच्या धंद्यात वस्तू कोणाची आणि कधीची हे ठरवायचं, तर भांडं उलटं करून त्यावर कोरलेलं नाव वाचतात. चार घरची भांडी मिसळली तरी त्या नावावर भांडण मिटतं. जे पातेल्याला चालतं ते घराला काऊन चालू नये?

म्हणून भांड्यांवर नावं घालणाऱ्या निजामभाईंना बोलावलं. ते अक्षरावर पैसे घेतात, म्हणून 'धंद्यासाठी' एवढा एकच शब्द आणि साल घालायचं ठरलं. मागच्या छपरीची टिनं, सन १९५१, धंद्यासाठी. (खरं म्हणजे तुमची बहीण पावसात भिजत भांडी घासायची, ते मला पाहवेना.) हातपंपाच्या नळीवर, सन १९५७, धंद्यासाठी. स्वयंपाकघरातल्या फरशीवर छिन्नी चालेना, म्हणून पितळेचा पत्रा कोरून भिंतीला ठोकला. मला चेव चढत गेला. निजामभाईंना म्हटलं, वर आढ्याला ती लोखंडी कडी आहे ना, तिच्यावरही घाला, सन १९४५, वजनकाटा टांगायला, धंद्यासाठी. मी भाड्याच्या वसुलीला बाहेर पडलो आणि ते शिडीवर चढले.

ती कडी पाळण्याची, हे मी आपल्याला सांगायला नको. पाळणा आपणच मेहकरहून बैलगाडीत घालून आणला होता.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाई बाजारातून आल्या, त्यांनी वर पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. एवढंच म्हणाल्या, "माहे तीन लेकरं या कडीले झुलले. धंद्यात त्याइचं भाडं किती झालं, तेही कोरून घ्या." सकाळच्या मोटारीने त्या तुमच्याकडे निघाल्या. मी स्टँडपर्यंत मागे गेलो होतो, पण लोक होते, म्हणून मी मलकापूरच्या मोटारीची चौकशी करत असल्यासारखं केलं. हे माझं चुकलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी साहेब पाहणीला आले. सभ्य माणूस, चपला बाहेर काढून आत आला. त्यांनी टिनं वाचली, नळी वाचली, पत्रा वाचला, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. तेव्हा मीही पहिल्यांदा नीट वाचलं. निजामभाईंनी प्रत्येक ठिकाणी पुढे घातलं होतं, 'माणिकराव यांजकडून सप्रेम भेट'. पुरावा म्हणून त्यांनाही मी बोलावून ठेवलं होतं. मी निजामभाईंकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "हाताले वळण पडलं हो. तीस साल झाले, भेटीबिगर भांडं पाह्यलं नाही." (जादा अक्षरांचे पैसे मात्र त्यांनी मोजून घेतले.)

साहेबांनी शांतपणे विचारलं, भेट आहे तर धंद्याचा खर्च कसा? मी म्हटलं, भेट मीच दिली. ते म्हणाले, कोणाला? या प्रश्नाला उत्तर द्यायला घरात कोणीतरी असायला पाहिजे होतं. मी त्यांना पाणी दिलं.

तर आता आपल्याकडे विनंती एवढीच की ही सगळी कामं त्या त्या साली झालेली आपण डोळ्यांनी पाहिली, अशी साक्ष द्यायला एक दिवस नांदुऱ्याला यावं. जाण्यायेण्याचा खर्च माझा. कळावे, लोभ असावा.

आपला,
माणिकराव

ता. क. : येताना अन्नपूर्णाबाईंनाही सोबत आणावं. त्यांचीही साक्ष लागेल, असं शंकरराव म्हणतो. कायद्याचं काम आहे, माझा काही आग्रह नाही.

ता. क. : शंकरराव असं म्हणाला नाही. मीच म्हणतो.

ता. क. : साक्ष द्यायले कोनी येऊ नका. कर मी सोमवारीच भरून टाकला. भगवानराव, घरात चारशे ताटं हायेत अन् मी एकटा जेवून राह्यलो. तिले पाठवा. नाही म्हनली तर मी न्यायले येतो, दारात उभं करा, चार शब्द सुनवा, मले चालते. साहेबानं माह्या अर्जावर लिहून देल्लं का हा सारा खर्च घराचा हाय, धंद्याचा नाही. साहेब बराबर बोलले. तेवढं तिले वाचून दाखवा.