‘अशी कोणी मुलगी नव्हती’ या नोंदीच्या फेरविचाराबाबत

प्रति,
मा. निबंधक,
राज्य वैद्यकीय परवाना मंडळ,
पडताळणी शाखा, दुसरा मजला.

विषय : परवान्याच्या अर्जावरील ‘प्रमाणपत्र बनावट असल्याचा संशय’ हा शेरा मागे घेऊन पडताळणी वेगळ्या रीतीने करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेचे गेल्या सोमवारचे पत्र.

महोदय,

अर्जदार लहान मुलांची डॉक्टर असून नवऱ्याच्या बदलीमुळे या राज्यात आली आहे. येथला परवाना मिळेपर्यंत नावाआधी डॉक्टर लिहिता येत नाही, म्हणून या कागदावर ती केवळ अर्जदार आहे. ती सविनय सादर करते की,

१. परवान्यासाठी वरिष्ठांच्या हाताखाली केलेल्या दोन वर्षांच्या सेवेचा पुरावा लागतो. अर्जदाराने ती सेवा जेथे केली ते रुग्णालय बंद पडले, दप्तर रद्दीत गेले. उरले ते विभागप्रमुख सरांच्या सहीचे एक पत्र, सहा वर्षांपूर्वीचे. नियमाप्रमाणे आपल्या लिपिकांनी सरांना फोन केला. सर म्हणाले, “नाही हो, अशी कोणी मुलगी माझ्याकडे नव्हती.” लिपिकांनी ऐकले तसे लिहिले. त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

२. अर्जदाराला हे खरे वाटेना. ती सहा तासांचा प्रवास करून सरांच्या घरी गेली. दार सरांनीच उघडले. म्हणाले, “ये, ये, उन्हातून आलीस. बाळ कुठंय?” अर्जदार गोंधळून म्हणाली, “घरी.” “किती दिवसांचं?” अर्जदाराला मूल नाही. तरी तिच्या तोंडून निघून गेले, “चाळीस.” मग सरांनी विचारायला सुरुवात केली. दूध ओढतं का, ओढताना दमतं का, लघवी किती वेळा, रडताना ओठ निळे पडतात का. एक प्रश्न गळला नाही, एक मागेपुढे झाला नाही. “श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा हं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात ते आळशी!” आणि सगळ्यात शेवटी, जसे ते प्रत्येक आईला विचारत तसे, “तू जेवलीस का?”

सरांच्या पत्नींनी, ज्यांना आम्ही विद्यार्थी काकू म्हणतो, तिला स्वयंपाकघरात नेले. हलक्या आवाजात म्हणाल्या, “दोन वर्षं झाली गं. कधीकधी माझंही नाव निसटतं. लोकांना मी सांगते, त्यांना ऐकू कमी येतं.”

३. ही हकिगत आपल्या शाखेच्या खिडकीवर सांगताच लिपिक म्हणाले, “मग सोपंच आहे की मॅडम. त्यांची स्मृती गेल्याचा तज्ज्ञांचा दाखला आणा, शेरा आपोआप उडेल.” अशा दाखल्याला घरच्यांची संमती लागते, म्हणून अर्जदाराने काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, “तुझं भलं व्हावं, बाई. पण त्या कागदावर मला सही करायला लावू नकोस. अजून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतात ते.” अर्जदाराने तो विषय पुन्हा काढला नाही.

४. सध्या अर्जदार एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसते. मुलांच्या डॉक्टरची तेथली जागा महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवली आहे, तोवर त्या डॉक्टरची खोली बंद असते. तिने नाव, वय, वजन एवढेच लिहायचे. परवा एक आई मूल कुशीत घेऊन आली. श्वासागणिक मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. अर्जदाराने नाव लिहिले, वय लिहिले, आणि वजन न करताच ती म्हणाली, “गाडी करा आणि मोठ्या रुग्णालयात जा. आत्ताच्या आत्ता.” हे सांगणे विनापरवाना उपचारात मोडते काय, ते मंडळाने कृपया कळवावे. मोडत असेल, तर तो गुन्हा अर्जदार उद्याही करील.

५. तरी विनंती की, मंडळाने सरांना आणखी एक फोन करावा. बाळाला तपासण्यापूर्वी काय काय विचारायचे, याचे सरांनी शिकवलेले टिपण अर्जदाराने आपल्या अक्षरात सोबत जोडले आहे. तो क्रम कुठल्याही पुस्तकात नाही, शेवटचा प्रश्न तर नाहीच. सरांच्या मागे खाटेखाटेशी फिरल्याशिवाय तो कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. सर जे बोलतील ते टिपणाशी ताडून पाहावे.

हे नियमात बसत नसेल, तर ‘कागदपत्रे अपुरी’ असे लिहून अर्ज फेटाळावा, परंतु ‘बनावट’ लिहू नये. ती सही सरांची आहे.

फोन केल्यास, अर्जदार आठवते का, असे कृपया विचारू नये. घरात तान्हे मूल आजारी आहे, एवढेच सांगावे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
अर्जदार
दिनांक : १९ मार्च

सोबत :
१) पदवीची प्रत.
२) सरांचे मूळ पत्र. काम झाल्यावर परत मिळावे.
३) टिपण, पाने दोन.
४) स्मृतीविषयीचा तज्ज्ञांचा दाखला : जोडलेला नाही. जोडला जाणार नाही.