म्योल मला ओळखते

१२ मार्च, सकाळ
माझी बायको उन्नुर आकुरेरी शहरात गेली. कायमची नाही. तिथल्या शाळेत नोकरी लागली आहे, छोटा फ्लॅट मिळालाय. इथे तिच्या वडिलांचं शेत, ब्लेसी नावाचा म्हातारा घोडा, अजून न संपलेला हिवाळा आणि मी. निघताना गाडीची काच खाली करून म्हणाली, सप्टेंबरात डोंगरावरचे घोडे खाली उतरवतात तेव्हा येईन. तोवर हे सगळं नीट सांभाळलंस तर परत राहायला येईन. नाही तर बघू.
"नाही तर बघू" हा भाग मी मनावर घेतलेला नाही.
आजपासून रोजनिशी. शिस्त! रेक्याविकला विम्याच्या ऑफिसात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला एक घोडा आणि थोडं गवत सांभाळता येणार नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्याने खुशाल यावं आणि बघावं. (आज नको. पसारा आहे.)

१३ मार्च
पहाटे उठायचा संकल्प. उठलो नाही, कारण अंधार होता. घोड्यालाही झोप लागतेच की. सासरे, म्हणजे सिगफूस, ओढ्यापलीकडे राहतात. ते येऊन ब्लेसीला गवत टाकून गेले. मी फोन करून स्पष्ट सांगितलं की माझ्या कामात ढवळाढवळ नको. ते म्हणाले, बरं जावईबापू, मग टाकीवरचा बर्फ तुम्हीच फोडा.
फोडला. कुऱ्हाड टाकीत पडली. वसंतात निघेल.

२ एप्रिल
वादळ. वीज गेली. ब्लेसी उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभा. बिचाऱ्याची दया आली. आत ओढत होतो, तर चावला. सिगफूस म्हणाले, अहो तो जन्मभर असाच उभा राहतो, त्याला कळतं वारा कुठून येतोय ते, तुम्ही आत व्हा आधी. कृतघ्न घोडा. कृतघ्न सासरा.
उन्नुरला फोन केला. एकदम मजेत आहे म्हणालो. फोन ठेवल्यावर रडलो. पण कांदा चिरायचा होताच.

९ मे
मास्टरस्ट्रोक! शेजारच्या आर्नदिसकडून घोडी घेतली. उन्नुरसाठी. अंग दुधासारखं पांढरं, तोंड तेवढं काळसर. नाव ठेवलं म्योल, म्हणजे नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ. असली घोडी दारात दिसल्यावर कुठली बाई फ्लॅटमध्ये राहील?
आर्नदिस म्हणाली, अरे, नाव ठेवायच्या आधी एक वर्ष तरी जाऊ दे, हिच्या रंगाचं असं आहे की... मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, बाई, रंग बघून घोडी घेणाऱ्यातला मी नाही. मी डोळे बघतो. माणूस काय, जनावर काय, एका नजरेत ओळखतो.
ती बराच वेळ हसली. या खोऱ्यातली माणसं उगाच हसतात.

१४ जून
उन्नुर दोन दिवस राहून गेली. म्योलवर बसली. किती महिन्यांनी तिला तशी हसताना बघितलं! मी शेजारून चालत लगाम कसा धरायचा ते समजावत होतो. ती म्हणाली, हाफ्लिदी, मी चालायच्या आधी घोड्यावर बसायला शिकले. मग म्योलच्या मानेवर हात फिरवत घोडीबद्दल बराच वेळ काहीतरी सांगत होती. माझं नीट लक्ष नव्हतं, कारण "आता राहा ना" हे कसं म्हणावं याची मी मनात तयारी करत होतो. तयारी झाली तेव्हा ती गाडीत बसली होती.
जाताना म्हणाली, प्रेमबिम राहू दे रे, तू जरा लक्ष दे.
म्हणजे काय? दोन्ही एकच ना? दमली असेल. शाळेतली मुलं दमवतात.

२७ जून
सगळ्या खोऱ्याचे घोडे उन्हाळ्यासाठी डोंगरावर सोडले. म्योलही गेली; म्हातारा ब्लेसी तेवढा खालीच राहिला. एकदाही मागे वळून बघितलं नाही तिने. मनाने खंबीर आहे. माझ्यासारखी.

१९ जुलै
खोऱ्यात सगळ्यांची गवतकापणी उरकली. मी थांबलोय. याहून चांगली हवा येणार, असं माझं आतलं मन सांगतंय. सिगफूस म्हणाले, आतल्या मनाला जरा बाहेर येऊन आकाश बघायला सांगा.

२४ जुलै
पाऊस.

३० जुलै
पाऊस. आतलं मन गप्प आहे.

६ ऑगस्ट
पावसातच कापलं. कापायचं म्हणजे कापायचं. गवत काळं पडलंय, आणि हात घातला की आत गरम लागतं. सिगफूस आले, मूठभर उचलून हुंगलं, हात पँटला पुसला आणि एक शब्द न बोलता गेले. दोन शिव्या हासडल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. जनावरांनी हिवाळाभर खायचं काय? उन्नुर येऊन बघणार काय? मला खरंच काही येत नाही. काही म्हणजे काही येत नाही.
(वरची दोन वाक्यं उद्या खोडावीत.)

७ ऑगस्ट
पेन सापडलं नाही. त्यामुळे खोडली नाहीत.

२१ ऑगस्ट
सिगफूसनी आपल्या कुरणातलं गवत दिलं. पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले मोठमोठे रोल. मी ते माझ्या कुंपणालगत असे लावलेत की रस्त्यावरून बघणाऱ्याला माझेच वाटावेत. वाटण्याला कुणाची मनाई आहे?
पण खरा हुकमी एक्का वेगळाच आहे. रेत्तिरच्या दिवशी डोंगरावरून उतरवलेले सगळे घोडे एका मोठ्या गोल कुंपणात कोंडतात आणि मग जो तो घुसून आपापला घोडा ओळखून आपल्या शेताच्या कप्प्यात ओढून नेतो. मी घुसणार नाही. मी नुसती शीळ घालणार. सगळ्यांसमोर म्योल गर्दीतून वाट काढत माझ्याकडे येणार. उन्नुर बघणार. त्यानंतर "नाही तर बघू" वगैरे भाषा राहणार नाही.
शिळेचा सराव चालू. ब्लेसीवर करून बघितली. तो कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला.

२३ ऑगस्ट
उन्नुरने फोनवर स्वतःचा फोटो पाठवला, कसा आहे म्हणून विचारलं. "छान" लिहून पाठवलं. सरावात होतो.

२८ सप्टेंबर, सकाळ
आज रेत्तिर! शर्टाला इस्त्री केली. मटणाचं सूप करून ठेवलंय. पलंगावर नवी चादर, दोन उशा. देवा, आज एवढं एकच होऊ दे.

२९ सप्टेंबर
कालचं लिहायला हवं. रोजनिशी म्हटल्यावर लिहायलाच हवं.
घोडे उतरले. अंगातून वाफा, नुसता चिखल, अख्खं खोरं कुंपणाला टेकलेलं, गाणी चाललेली, बाटली या हातातून त्या हातात. मी कठड्यावर चढून शीळ घातली. पुष्कळ घोड्यांनी बघितलं. आलं कुणीच नाही. आवाज वाऱ्याने खाल्ला असणार. म्हणून आत घुसलो.
जिकडे बघावं तिकडे तपकिरी, काळे, तांबडे. आणि पार पलीकडे एक, एकच, पांढरी! जीव भांड्यात पडला. पण मध्येच निळं जाकीट घातलेली, आखूड केसांची एक बाई काळ्या घोडीच्या गळ्यात हात टाकून उभी. मी म्हटलं, अहो बाई, जरा बाजूला व्हा, माझी घोडी दिसत नाहीये मला. झाली बाजूला.
म्योलचं तोंडही पांढरं पडलं होतं. मनात म्हटलं, डोंगरावर काय काय सोसलं असेल बिचारीने. गळ्याला मिठी मारली, तर लाथ बसली. मीही सोडलं नाही. "म्योल! अगं मी आहे, मी!" असं ओरडत तिला चिखलातून सिगफूसच्या कप्प्यापर्यंत ओढत आणलं. आजूबाजूला सगळं शांत झालं होतं. मला वाटलं, गहिवरलेत.
मग पाद्रीबाई आल्या आणि फार मायेने म्हणाल्या, हाफ्लिदी, हा आमचा माउनी.
हा. घोडी नव्हतीच ती. खच्ची केलेला घोडा होता, आणि तोही चर्चच्या पाद्रीबाईंचा.
असं हसणं या खोऱ्यात झालं नसेल. आर्नदिस डोळे पुसत म्हणाली, अरे शहाण्या, मे महिन्यात सांगत होते ना तुला? या जातीची घोडी वसंतात कात टाकल्यासारखी पांढरी होते आणि पानं गळायच्या सुमाराला काळीकुट्ट होते. दरवर्षी! ती बघ तुझी म्योल, तिकडे.
तिकडे म्हणजे त्या निळ्या जाकिटवालीजवळ. घोडी तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती.
ती बाई उन्नुर होती.
यावर मात्र कुणी हसलं नाही. आर्नदिसने बाटलीचं बूच लावलं. सिगफूस डोंगराकडे बघत उभे राहिले, जणू वर अजून एखादा घोडा राहिलाय.

३० सप्टेंबर
उन्नुर दोन्ही दिवस वडिलांकडे राहिली. आज आली. सूप गरम करून दिलं. चांगलं झालंय म्हणाली. मी माझी बाजू मांडली: केस नवे, जाकीट नवं, चिखल, गर्दी, वारा. कुणाचीही चूक झाली असती. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, मी परत येतेय.
मी उडालोच! सूप सांडलं. म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो!
ती म्हणाली, इथली शाळा मला घ्यायला तयार आहे, घोड्यांकडे मी बघेन, बाबाही थकलेत. फ्लॅटचं भाडं भरलेलं आहे. तू तिकडे जा.
किती दिवस, विचारलं. म्हणाली, बघू.

२ ऑक्टोबर, दुपार
बॅग भरली. सिगफूस बसपर्यंत सोडायला येताहेत. सगळा हिशेब मांडला तर मूळ प्लॅन असा होता की सप्टेंबर संपेपर्यंत उन्नुर शेतावर राहायला यावी. ती आली आहे. तेव्हा वर्ष अगदीच वाया गेलं असं म्हणता येणार नाही.
बॅग भरताना न राहवून विचारलं, एवढं काय झालं गं? एक घोडी ओळखली नाही म्हणून?
ती म्हणाली, घोडीचं काय घेऊन बसलास. त्यावर तर मीही हसले असते. तू मला बाजूला हो म्हणालास ना, त्याच्या आधी मी तुला दोनदा हाक मारली होती. हाफ्लिदी, हाफ्लिदी, अशी.
हाक ऐकू आली होती मला. वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी मारताहेत.