निघणाऱ्याले विचारायचा सवाल

रोशनी,

मी वावरात कापूस वेचाले चालली. भाकरी टोपल्यात हायेत, बेसन गंजात झाकून ठेवलं. खाटेखाली तुई भरलेली बॅग दिसली. तुह्या बाबाले काही सांगितलं नाही.

तू शिकवलेले इंग्रजी सवाल मी वेचता वेचता घोकत रायते. पहिले व्हेअर, मंग आर, मंग यू. आवाज माहाच, पण वाटते दुसरीच कोणी बाई बोलून राह्यली. काल सपनात तू धुक्यातल्या यष्टीत बसली होती. मी खिडकीपाशी इंग्रजीत विचारत होती. तू बोलत होती अन् तुह्या तोंडातून कापूस उडत होता.

घरातून निघणाऱ्याले कुठं चालली म्हणून विचारत नाहीत, अपशकुन होते. माह्या मायनं मले कधी विचारलं नाही, मी तुले विचारलं नाही. पण इंग्रजीत विचारलं त काही होत नसन, म्हणून इथं लिहून ठेवते.

व्हेअर आर यू गोइंग? व्हेन विल यू कम?

जवाब मात्र मराठीत लिहून ठेवजो. तू मले सवालच शिकवले.

तुई माय