रफार उडू नये म्हणून

४ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असावी. काम म्हणजे आमच्या हिच्या गोष्टींचं पुस्तक. शाळेत शिकवत असताना ही मुलांना ज्या गोष्टी सांगायची, त्या सगळ्या हिने निवृत्तीनंतर स्वतः टाईप केल्या, तिच्या त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. आता फक्त पीडीएफ करून प्रेसमध्ये द्यायची. लेक फोनवर म्हणाली, बाबा, डीटीपीवाल्या बाईंना करू दे. मी म्हटलं, घरात जाणता माणूस असताना बाहेर कशाला? ऑफिसातले सगळे प्रिंटर माझ्याच हाताखाली होते. आठवड्यात पुस्तक हातात.

घाई एवढ्याचसाठी की हिच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध विरत चाललाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचता येईल ते फार तर उन्हाळ्यापर्यंत. ही म्हणाली, छापलेलं एकदा माझं मी वाचलं की मग काय व्हायचं ते होऊ दे. मी म्हटलं, डॉक्टर लोक नेहमी मार्जिन ठेवून सांगतात.

७ जानेवारी

पीडीएफ झाली. प्रिंट दाबायचं, प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडायचं, की झालं. पोरखेळ. आत सेटिंगमध्ये चौकोनच चौकोन होते. सगळ्यांवर टिक केली. रिकामा चौकोन मला बघवत नाही. ऑफिसात रिकामा चौकोन म्हणजे फाईल परत.

१२ जानेवारी

प्रेसमधून नमुन्याची पानं आली. सगळे रफार उडालेले. सूर्याचा सूय, वर्गाचा वग. प्रस्तावनेला हिने नाव दिलं होतं 'माझं कार्य'. छापून आलं 'माझं काय'.

प्रेसवाल्यांना फोन. म्हणाले, तुमच्या फाईलमध्येच तसं आहे. मी म्हटलं, माझ्या स्क्रीनवर रफार स्वच्छ दिसतोय. म्हणाले, मग स्क्रीन आणून द्या, ती छापतो. उद्धट माणूस.

हिला पान दाखवलं. भिंग लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, राहू द्या की, हेही बरोबरच आहे. विनोद असावा.

१९ जानेवारी

संकल्प: आता शास्त्रीय पद्धत. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. आज रेझोल्यूशन वाढवलं. नमुना मागवला. रफार नाही, पण सूय पहिल्यापेक्षा खूपच ठळक आलाय. प्रगती म्हणायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी

लेकीने फोनवर तास घेतला. म्हणे फॉन्ट फाईलच्या पोटात घालून पाठवावा लागतो. प्रेसच्या मशीनवर याच नावाचा दुसरा फॉन्ट आहे आणि त्यात रफारची जागा वेगळी. आपला फॉन्ट गेला नाही की मशीन स्वतःचा वापरतं आणि रफार गळतो. मी म्हटलं, हे मला माहीत होतं. नव्हतं. पण तिचा सूर मला आवडला नाही.

म्हणाली, फाईल मला पाठवा, एका संध्याकाळचं काम आहे. मी म्हटलं, झाल्यातच जमा आहे, आता मध्ये कोणी लुडबूड नको. शिवाय 'सगळे फॉन्ट आत घाला' यावर टिक आहेच. माझी तर सगळ्यांवरच टिक आहे.

११ फेब्रुवारी

हिने चहा कपाच्या बाजूला ओतला. सगळा ओट्यावर. ते नवे कप फारच लहान तोंडाचे आहेत. मोठे आणले पाहिजेत.

ही म्हणाली, अक्षर जरा मोठं कराल का? नीट समजावून सांगितलं. अक्षर वाढवलं की ओळी सरकतात, पानं सरकतात, सगळं मुळापासून करावं लागतं. आधी रफार, मग अक्षर. म्हणाली, बरं. ही पहिल्यापासून समजूतदार.

२४ फेब्रुवारी

प्रिंटरचा नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. नव्या नमुन्यात रफार नाहीतच, शिवाय उजव्या बाजूचे शब्दही अर्धे कापलेले. नव्या ड्रायव्हरने आपल्या मर्जीने कागदाचा आकार बदलला. मला न विचारता. ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मेमो दिला असता.

कंप्युटर हल्ली सुरू व्हायला कुरकुर करतो. तोही म्हातारा झालाय म्हणा.

९ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. ही हल्ली माझ्याशी बोलताना तोंड जरा बाजूला करून बघते. मला वाटलं होतं मान आखडली असेल. बाई म्हणाल्या, मधलं दिसत नाही म्हणून कडेने बघतात. मग मलाच विचारलं, पुस्तक झालं का हो? म्हणजे हिने तिथेही सांगितलंय. सगळीकडे सांगत सुटायची काही गरज नव्हती.

येताना रस्ता ओलांडताना हिने माझा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात भर रस्त्यात पहिल्यांदाच. फार बरं वाटलं. पलीकडे पोचल्यावर कारण लक्षात आलं. मग घरापर्यंत मी हात सोडला नाही.

१५ मार्च

आज कंप्युटर लावला नाही. पाठ दुखतेय.

पाठ दुखत नाही. भीती वाटते. हे वाचणारं कोणी नाही म्हणून लिहितो. पुस्तक आलं की ही उघडणार. उघडून बघणार. जोवर रफार सापडत नाही तोवर तरी उघडायची वेळ येत नाही.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, तुम्हाला पुस्तक व्हायलाच नकोय का? फोन ठेवला. विचारलं तर रेंज गेली होती म्हणून सांगेन. भलतंच बोलते.

२८ मार्च, दुपार

सापडलं!

टेबलावरची धूळ झटकताना फडकं माऊसवर पडलं आणि एका चौकोनावरची टिक गेली. परत करायला म्हणून त्याच्यापुढचं इंग्रजी वाक्य वाचलं. सिस्टीममधल्या फॉन्टवर विसंबून राहा; कागदपत्रातले फॉन्ट वापरू नका. 'नका' अर्धविरामाच्या पुढे होतं. मी अर्धविरामापर्यंतच वाचलं होतं. म्हणजे जानेवारीपासून प्रत्येक फाईलबरोबर मीच बजावत होतो की फॉन्ट पाठवू नका म्हणून. आणि मशीन बिचारं ऐकत होतं.

यात माझी चूक अशी नाही. नकारावर टिक करायला लावणं हीच मुळात विकृती आहे. कंपनीला पत्र लिहिणार.

टिक काढली. अक्षरही मोठं केलं. चांगलं ढब्बू केलं. पानं भराभर वाढत गेली. वाढू देत.

३ एप्रिल

नमुना आला. रफार सगळे हजर. सूर्य, वर्ग, माझं कार्य. धावतच स्वयंपाकघरात गेलो आणि पान हिच्या हातात दिलं. हिने भिंग मागितलं नाही. पान चेहऱ्यासमोर धरून म्हणाली, छान झालंय, अगदी सुबक.

उलटं धरलं होतं. मी हळूच सरळ करून दिलं. ही म्हणाली, हो, आता तर आणखीच छान. मी खिडकीचे पडदे सरकवले, दिवाही लावला. उजेड कमी असेल म्हणून.

पत्र लिहायचं राहिलं.

१६ एप्रिल, संध्याकाळ

पुस्तकं आली. लेकही आली आहे. सेटिंगबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हिने वरचं पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावरून हात फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला. मग पहिल्या पानापासून एकेक पान उलटत गेली, न थांबता, शेवटपर्यंत. वाचणारं माणूस एवढ्या भराभर पानं उलटत नाही, हे मलाही कळतं. लेक उठून बाल्कनीत गेली.

मग हिने पुस्तक माझ्यापुढे केलं. म्हणाली, तुम्हीच वाचा आता. घड्याळवाल्या काकांची गोष्ट काढा.

ती कुठे आहे ते मला सापडेना. शेवटी अनुक्रमणिका बघितली. वाचायला लागलो तर ठेचकाळायला झालं. ही म्हणाली, अहो, एवढे दिवस घेऊन बसला होतात, तुम्ही हे कधी वाचलंच नाही? मी म्हटलं, सेटिंगच्या दृष्टीने वाचलं होतं. ही खूप हसली. अगदी पूर्वीसारखी.

गोष्ट अशी. शाळेच्या घड्याळांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून काका येतात. ह्याचा काटा मागे कर, त्याचा पुढे कर. मुलं बोलवतात, काका, खेळायला चला. काका म्हणतात, थांबा रे, एवढं एक झालं की आलोच. शेवटी सगळी घड्याळं जुळतात. काका आनंदाने बाहेर येतात तर शाळा सुटलेली, मैदान रिकामं.

पोरं या काकांना फार हसायची म्हणे. मी विचारलं, हे कधी लिहिलंस? म्हणाली, आपली लेक बालवाडीत होती तेव्हा.

पुढे एकच परिच्छेद होता. सगळी मुलं घरी गेली, पण एक मुलगी गेली नाही. ती पायरीवर बसून काकांची वाट बघत होती. अक्षर एवढं मोठं की चष्म्याशिवायही दिसत होतं. ते मला पुढे वाचवेना.

ही माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसली होती. जरा वेळाने म्हणाली, मध्येच थांबू नका हो, तुम्ही थांबलात की मला वाटतं पान संपलं.

पान संपलं नव्हतं.