फेर्मीनची लहान कवटी

लेओन, ५ ऑक्टोबर १९८८

ती. अँसेल्मोदादास,
देल्फीनाचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी आईला प्रवास बंद सांगितला आणि आईने ग्वानाह्वातोची बस ठरवली. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मी नकाशा काढून तिला घाटाची वळणे समजावली; ती म्हणाली, वर्ग सुटला, बाई.

मृतांच्या दिवसासाठी साखरेच्या कवट्या तिथूनच आणायच्या. रीत तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण गोष्ट तिथेच अडली आहे. पाक मातीच्या साच्यात ओततात, कवटी घट्ट झाली की कपाळावर नाव घालतात. जिवंत माणसाची लहान, ती ज्याची त्याने खायची. गेलेल्याची मोठी, ती वेदीवर ठेवायची. आपला धाकटा फेर्मीन अमेरिकेची सीमा ओलांडायला गेला त्याला नऊ वर्षे झाली, पत्र नाही. आई दरवर्षी त्याची लहानच घेते. न खाल्लेल्या नऊ कवट्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. या वेळी काय करू?

लोभ आहेच, उत्तरही यावे.
तुझी देल्फीना

माँतेर्रेय, १४ ऑक्टोबर

चि. देल्फीनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र म्हणजे धडाच. परीक्षा मात्र माझी. आईला मोठी घ्यायला लाव. वाळवंटात कोणी नऊ वर्षे चालत नाही. तो गेला असेल, तर दरवर्षी त्या दिवशी दाराशी येत असेल, आणि वेदीवर त्याच्या नावाचे पेलाभर पाणीही नसते. आई आहे तोवर तिच्या हातून हे व्हावे. माझ्याने होत नाही. उत्तरेच्या बसमध्ये त्याला मीच बसवून दिले होते.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
अँसेल्मो

लेओन, ३० ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी जाऊन आलो. चढावर आई तीनदा टेकली आणि दर वेळी म्हणाली, तू दमलीस म्हणून थांबते. चौकातल्या बाकावर तिला तुझे म्हणणे सांगितले, पाण्याचेही. ती रागावली नाही. म्हणाली, "त्याला कळव, तू बसवला नसतास तर तो चालत गेला असता."

मग उठून तिने तीन लहान कवट्या घेतल्या, तुझी, माझी, फेर्मीनची. आणि एक मोठी. विक्रेतीने नाव विचारले, तर आईने स्वतःचे सांगितले. ती बाई हसली, आजी, अजून घासाघीस तर जोरात करताय. आई म्हणाली, पुढच्या वर्षी पोरांची धावपळ नको.

परतीच्या बसमध्ये खोका तिच्या मांडीवर होता. घाट उतरल्यावर ती बोलली. "तो तिकडे असला तर मला भेटेलच. पाणी मी देईन. तोवर माझ्या हातून मोठी नाही."

फेर्मीनची डब्यात ठेवली, दहावी. आईची त्यात मावेना, म्हणून कपाटावर आहे. नाव भिंतीकडे करून मी ठेवली. तुझी सोबत पाठवते, खा.

आमच्यावरची माया पत्रातून नको, समक्ष दे. नाताळची वाट पाहू नकोस.

तुझी देल्फीना