बाटलीतला साहेब

मास्तर, आज सकाळी शाळेच्या दारावरची पाटी उतरवली. शिडीवर मीच चढलो, कारण आता या शाळेचा मास्तर मी आहे. दुसरं कारण गावाला ठाऊक नव्हतं. ती पाटी तुम्ही लावलीत तेव्हा खाली उभा राहून एकेक खिळा वर देणारा मीच होतो. तुम्ही मानमोडीच्या तापाच्या साथीत गेलात त्याला आता तीस वर्षं होतील. एवढ्या काळात कौलं कितीदा शाकारली, राज्य बदललं, पण पाटीवरचं साहेबाचं नाव जिथल्या तिथे होतं. झेंडा चढून वर्ष उलटलं तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपली पोरं अजून गोऱ्याच्या नावाखालून आत जातात. झालं. तीन आठवडे गावात दुसरा विषय नाही. कुणी म्हणे पुढाऱ्याचं नाव द्या, कुणी म्हणे शाळेला जागा पाटलांनी दिली, त्यांच्या वडिलांचं द्या. ऐन वेचणीच्या दिवसांत कापसाचा भाव विचारायला कुणाला सवड नव्हती, म्हणजे बघा.

मला मात्र त्या वादात सारखा शाळेचा ओटा दिसत होता. आम्ही गावाबाहेरच्या भिलाटीतली, भिल्लांची पाच पोरं त्या ओट्यावर बसायचो. आत गावातली पोरं, बाहेर आम्ही, आणि मध्ये तुमचा उंबरा. ओट्यावरून फळा दिसत नसे, नुसता तुमचा आवाज यायचा. म्हणून आमचे पाढे पाठ आणि अक्षरांच्या नावाने शून्य. आत एक अक्षर काढून झालं की तुम्ही लंगडत दारापर्यंत यायचात, पाटीवर तेच अक्षर काढून आम्हाला दाखवायचात आणि पुन्हा लंगडत आत जायचात. दिवसातून किती खेपा व्हायच्या देव जाणे. संध्याकाळी तुम्ही पाय चोळत बसलेले असायचात, शेजारी चोळायच्या विलायती औषधाची निळी बाटली. आम्हाला आत घ्यावं म्हणून तुम्ही पाटलांकडे दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा मान खाली घालून आलात. जागा पाटलांची, शब्द पाटलांचा.

त्याच दिवसांत मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. बाप आजारी आहे म्हणून सांगितलं आणि तापीवर मासे धरायला गेलो. तुम्ही बापासाठी काढा घेऊन, त्या पायाने, भरदुपारी भिलाटीत आलात. माझा आजारी बाप छपरावर चढून गवत बसवत होता. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत, काढा त्याच्या हातात दिलात आणि त्यानेही बिचाऱ्याने तो पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मला समोर उभं करून एवढंच म्हणालात, "मी चालत आलो होतो रे." त्यापेक्षा छडी परवडली असती. मी रडत रडत सांगितलं की पुन्हा कधी खोटं बोलणार नाही.

आणि मग महिनाही झाला नसेल, शहाद्याच्या बाजाराचा दिवस, गाव सगळं बैलगाड्या जुंपून गेलेलं. तुम्ही मला बोलावता. शाळेत सागाची एक फळी ठेवलेली आहे. एका डबीत जवसाच्या तेलात काजळी कालवलेली आहे, बाभळीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला केलेला आहे. तुम्ही मांडी घालून बसता, दुखरा पाय एकीकडे लांब करून, आणि ती पायाला चोळायची बाटली समोर ठेवता. बाटलीवरच्या कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं. ते पाहून पाहून तुम्ही फळीवर नाव उतरवता, आधी इंग्रजीत, मग खाली आपल्या अक्षरांत, आणि पुढे 'साहेब यांची शाळा' असं जोडता.

"हा कोण, मास्तर?"

"साहेब."

"बाटलीतला?"

"गप. कुणाला सांगायचं नाही."

मी काजळीची डबी उचलून धरली. मग राहवेना. "पण मास्तर, हे खोटं आहे."

"आहे," तुम्ही म्हणालात. "मार बसला तर मी खाईन. तू डबी नीट धर, सांडशील." पाटी लावून झाल्यावर तुम्ही मला गूळ-फुटाणे दिलेत. तो गूळ खाताना मला कळेना, की हे खोटं बोलण्याचं बक्षीस आहे की गप्प बसण्याचं.

गाव बाजाराहून आलं, पाटी पाहिली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुठला साहेब हे विचारायचं कसं? विचारलं तर आपल्याला साहेब माहीत नाही असं व्हायचं. तुम्ही पाटलांना सांगितलंत की डिप्टीसाहेब तपासणीला येतील, साहेबाच्या नावाच्या शाळेत पोरं बाहेर बसलेली दिसली तर जाब पाटलांना विचारतील, मास्तरला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही आत. डिप्टी पावसाळ्यानंतर आले. त्यांनीही पाटी वाचली, टोपी सारखी केली आणि आपल्या कागदात ते नाव लिहून घेतलं. त्या दिवसापासून तुमच्या दुखऱ्या पायाचा साहेब सरकारी झाला. मी पहिल्यांदा फळा समोरून पाहिला, मास्तर. तो एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. आज मी जे काही आहे, ज्या भाषेत हे लिहितो आहे, ते सगळं त्या दिवशी सुरू झालं.

परवाच्या सभेत तुम्ही हवे होतात. म्हातारी माणसं एकेक करून साहेबाच्या आठवणी सांगू लागली. एक म्हणाला, "मी त्याले पांढरा घोडावर देखेल शे." दुसरा म्हणाला, "मन्हा बापले त्यानी चाबूक मारा व्हता." तिसऱ्याने तर साहेबाला सातपुड्यात वाघ मारायला लावला. मी तोंडावर उपरणं धरून बसलो होतो. हसू येत होतं ते एकदम थांबलं, कारण एक तरणा पोरगा उठला. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला, पोटतिडकीने बोलणारा. तो म्हणाला, "साहेबना दोष नही. त्या लंगडा मास्तरनी साहेबना पाय चाटीसन हाई नाव लावं. तो सरकारना कुत्रा व्हता." सभेत माना हलल्या. मग तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही तं तवय शाळामा व्हतात. तुम्हीच सांगा, साहेब कसा व्हता?"

मी उठलो. खरं सांगायचं तर आधी ओटा सांगावा लागला असता. एवढ्या वर्षांत धुतलेलं धोतर नेसून, 'गुरुजी' म्हणवून घेऊन, मी कोण कुठे बसायचो हे गाव विसरलं असेल अशी माझी समजूत होती, आणि ती मला हवी होती. मी म्हणालो, "बुटका होता. एका पायाने लंगडायचा. पोरांवर माया होती." दोघातिघा म्हाताऱ्यांनी लगेच, "हां, हां, लंगडाच व्हता," म्हणून दुजोरा दिला. मी खाली बसलो. तुमच्यावर 'कुत्रा' हा शब्द तसाच राहिला. मला स्वतःची किळस आली.

सभा उठल्यावर पाटलांनी मला काठीने खूण करून निंबाखाली बसवलं. तेच पाटील, आता दात नाहीत, दिसतंही कमी. म्हणाले, "लंगडा साहेब, काय रे? असा साहेब कोठेच नव्हता. मी तवयच धुळाले जाईसन इचारी उनू."

म्हणजे धुळ्याला जाऊन चौकशी करून आल्यापासून पाटलांना सगळं ठाऊक होतं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? धुळाथीन उनू तवय महिना व्हई गयथा. तुम्ही पोरं मजार, फळासमोर बठेल व्हतात. शाळा काही पडनी नही. मन्हा पोऱ्या तुन्हा बाजूले बसे, त्याले पाढा येत नव्हतात, ते तू शिकाडात." काठीने माती उकरत ते म्हणाले, "आते तुमले उठाडाले कोन जाई? माले लाज वाटनी." मग काठी माझ्या गुडघ्यावर टेकवून म्हणाले, "भलता खोटा मानूस व्हता तुन्हा मास्तर. पन कुत्रा नव्हता. हाई तू सांग. मी सांगसू तं लोक म्हणतीन, म्हातारा भरमना."

म्हणून आज सकाळी पाटी काढून खाली आलो तो घरी गेलो नाही. सगळ्यांसमोर ओट्यावर, माझ्या जुन्या जागेवर बसलो आणि सांगितलं. मी इथे बसायचो. आम्हाला आत घेता यावं म्हणून मास्तरांनी हे नाव लावलं, त्यांनी कुणाचे पाय धरले नाहीत. तो तरणा पोरगा पुढे आला, माझ्या हातून पाटी घेतली आणि आपल्या उपरण्याने तिच्यावरची धूळ पुसत उभा राहिला. साहेब नव्हताच, एवढं मात्र मी सांगितलं नाही. पांढरा घोडा आणि वाघ म्हाताऱ्यांकडे राहू दिले. पुन्हा खोटं बोलणार नाही म्हणालो होतो, मास्तर, पण याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

मग त्याच पोराने म्हटलं की शाळेला तुमचंच नाव देऊ. सगळे हो म्हणाले, पाटलांनीही मान हलवली. कुणीतरी रंगाची डबी उघडली आणि विचारलं, "नाव काय लिखू?" आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गाव तुम्हाला लंगडा मास्तर म्हणायचं, आम्ही मास्तर. शाळेचा जुना हजेरीपट वाळवीने खाल्ला, उरलेल्या पानांवर सहीच्या जागी नुसतं 'शिक्षक' आहे. शेवटी सगळे माझ्याकडे बघत राहिले. तुमचं नाव काय, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. नवी पाटी सध्या कोरी आहे. हे पत्र लिहून झालं तसं सवयीने पाकीट काढलं, आणि त्याच्यावर लिहायलाही माझ्याकडे काही नाही.