रविवारची भट्टी

४ जानेवारी २०२६, रविवार

आधी सगळ्यांची विचारपूस. गुडघा — कुरकुरतोय, पण चालतोय. दारातली तुळस — धुरानं काळवंडली, तरी फुटवा आहे. भट्टी — ठणठणीत! मंजुळाबाई, माझी बायको — पुण्याकडे पिंपळे सौदागरला, लेकाकडे, रणजीतकडे. फोनवर म्हणाली, "मी बरी हाय." तेवढ्यात दोनदा खोकली.

मी — हा असा. चाकणला, बोल्टच्या कारखान्यामागच्या खोलीत. एकटा.

तिला दम्यानं धरून चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, या धुरात ठेवू नका. लेक घेऊन गेला. मला भट्टी सोडवेना. हिच्यात बोल्ट तापवून कडक करतात. रविवारी काम नसतं, तरी मी मंद चालू ठेवतो. थंड पडली की आतल्या विटा तडकतात — बावीस वर्षं हेच सांगत आलोय. आईसुद्धा रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायची. घरातला विस्तव विझू द्यायचा नाही, म्हणायची.

"येत्या रविवारी तरी येता का?"
"अगं, भट्टी चालू असते."
"बरं."

तिचं 'बरं' फार लांब असतं.

७ जानेवारी, बुधवार

युरोपातल्या गिऱ्हाईकाचा फॉर्म आला. तिकडे नवा कायदा लागलाय — बोल्ट तिथे न्यायचा तर तो करताना धूर किती झाला ते सांगायचं. जास्त धूर, जास्त कर. आकडा दिला नाही तर ते आपल्या मनानं धरणार, तोही चढा! मग गिऱ्हाईक दुसरं दार बघणार. आमचा निम्मा माल तिकडेच जातो. तीस माणसांची चूल त्यावर.

हे सगळं ऑफिसातल्या तेजस्विनीनं समजावलं. मालक यशवंतराव तडकले, "शंभर वर्षं धूर त्यांनी काढला, आन् आता झडती आमची!" खोटं नाही ते. पण धूर काही जकातनाक्यावर थांबत नाही. मला मंजुळाचा खोकला आठवला.

८ जानेवारी, गुरुवार

तेजस्विनीनं विचारलं, "काका, भट्टी आठवड्यात किती तास चालू?" मी म्हणालो, "रविवारी बंद." जीभ कशी वळली कोण जाणे! धडधडीत खोटं.

१२ जानेवारी, सोमवार

पोरगी हुशार. शनिवारी जाताना भट्टीच्या तेलाच्या टाकीत गज बुडवून पातळी पाहिली होती, आज परत पाहिली.

"काका, रविवारी भट्टी बंद, मग तेल कोण पितं? उंदीर?"

मी हसलो. मग हसू आटलं. वर्षाचे सगळे रविवार मिळून महिन्याभराचं तेल जातं म्हणे. कामाविना!

"अगं, विटा तडकतात."
"कधी तडकल्या होत्या?"

आठवून पाहिलं. एकदाच. घाईत एकदम विझवली होती तेव्हा.

१४ जानेवारी

संक्रांत. मंजुळानं डबा पाठवला. गुळाच्या पोळ्या, दोन. एक खाल्ली. दुसरी तशीच आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

खरं लिहितो, इथे कोण वाचणार? विटा हे निमित्त. आच हळूहळू उतरवत विझवली तर काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तिकडे सातव्या मजल्यावर मी काय करू? सूनबाई प्रेमानं चहा देते, "बाबा, तुम्ही नुसते बसा" म्हणते. नुसतं बसायचं कसं? इथे भट्टीला मी लागतो.

आणि मंजुळाला? — हे कधी विचारलंच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

यशवंतरावांपुढे कबूल केलं. "रविवारचे तास खरे लिहा. आणि आजपासून दर शनिवारी मी भट्टी उतरवतो."

"काका, विटा गेल्या तर?" मालकांनी विचारलं.
"तर माझ्या माथी मारा."

ते बघतच राहिले. "एवढ्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा विझवायचं बोलताय, राव!"

१८ जानेवारी, रविवार

विझली. किती शांत! टेकून बसलो. पाठीला ऊब लागेना. तुळस धुतली — पानं हिरवी आहेत.

१९ जानेवारी, सोमवार

पहाटे पेटवली. विटा शाबूत! काम तीन तास उशिरा सुरू, मालक कुरकुरले. तेजस्विनीनं आधीचं आणि आताचं, दोन्ही खरं लिहून पाठवलं. गिऱ्हाईक राहील की जाईल, अजून कळायचंय.

फोन आला होता मंजुळाचा. भट्टीचं सांगायचं होतं. ओठांवर आलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

मंजुळे, परवा रविवार. भट्टी बंद असते आता. सबब संपली. मी येऊ का?

हे पान फाडून तेजस्विनीकडे देतोय, ती तुमच्याच बाजूला राहते. फोनवर 'बरं' म्हणू नकोस. तिच्याच हाती दोन ओळी लिहून धाड — उद्याच.